हौदातला सोनमासा आणि तलावाची आठवण

आपल्या आकाशवाणीच्या या गप्पांमध्ये आपण आजवर शेळी, कोंबडी, मोहफूल, तेंदूपान, लाख आणि परसबाग यांच्यावर बोललो. या खेपेला विषय आहे शोभेचा मासा. मागच्या काही महिन्यांत गटागटांतून एकच प्रश्न येतो आहे. "ताई, अंगणात टाकं बांधून गोल्डफिश आणि कोई पाळता येतील का? जागा थोडी आहे, पण माल शहरात विकला जातो म्हणतात."

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता आलं असतं. पण कर्ज गटाच्या नावावर निघतं आणि पाणी बाईच्या डोक्यावरून येतं. म्हणून आम्ही ठरवलं, की आधी या माशांचा इतिहास सांगायचा. हे मासे कुठून आले, कोणत्या घरात राहिले, घर बदललं तेव्हा त्यांचं काय झालं, हे कळलं की आपल्या अंगणात काय बसेल याचा हिशोब आपोआप लागतो.

आपल्याकडे माशाचं घर म्हणजे तलाव

सुरुवात आपल्याच मातीपासून करू. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच होते. जुनं नाव चांदा. इथे गोंड राजांचं राज्य होतं आणि हा भाग धानाचा. धान म्हटलं की बांधी आली, बांधी म्हटलं की पाणी आलं, आणि पाऊस चार महिन्यांचाच. मग पाणी अडवणं आलं. चांद्याच्या राज्यात जो तलाव बांधील त्याला जमीन देण्याची रीत होती. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका मोठ्या वस्तीला आजही तुकूम हेच नाव आहे. शहराच्या मधोमध रामाळा तलाव आहे, थोड्या अंतरावर जुनोन्याचा तलाव आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात तर गाव तिथे तलाव आणि शेत तिथे बोडी. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा, आणि तलावातल्या मासोळीचं ज्ञान ढिवर समाजाकडे.

पुढे मालगुजारी आली. तलाव मालगुजाराच्या ताब्यात गेले, पण पाळ बांधणारे, गाळ काढणारे हात गावाचेच राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि आपण सगळे त्याला लाडाने मामा तलाव म्हणतो. 

या तलावात मासा कसा राहत होता ते बघा. पावसाळ्यात ओढ्यातून वर चढायचा, बांधीत अंडी घालायचा, पाणी ओसरलं की परत खोल डोहात यायचा. मरळ, शिंगी, झिंगे, बारीक मासोळी, प्रत्येकाची जागा वेगळी. कुणी तळाशी, कुणी वनस्पतींच्या झुडपात, कुणी वरच्या पाण्यात. त्याला खाणं कुणी घालत नव्हतं आणि पाणी कुणी बदलत नव्हतं. ते काम तलाव स्वतः करत होता. सूर्यप्रकाश, पाणवनस्पती, तळाचा गाळ आणि भरपूर जागा, एवढ्यावर सगळं चालत होतं.

मासे पाळण्याची आणि त्यांना खाऊ घालण्याची आवड आपल्याकडे राजवाड्यातही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने 12 व्या शतकात मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक आहे, कारण त्यात जुन्या मराठीचे नमुने सापडतात. त्यातल्या एका भागाचं नावच मत्स्यविनोद आहे. कोणता मासा कुठे राहतो आणि त्याला काय खायला आवडतं, याची माहिती त्यात दिली आहे. मासा ओळखायचा तर त्याचं पाणी ओळखा, ही गोष्ट तेव्हाच्या माणसांनाही कळत होती.

सोनमासा तळ्यातून घरात आला

आता गोल्डफिशकडे वळू. गोल्ड म्हणजे सोनं, म्हणून आम्ही त्याला सोनमासा म्हणतो. हा मासा मुळात सोनेरी नव्हता. चीनमध्ये शेततळ्यांत आणि नद्यांत राखी-हिरवट रंगाचा, खाण्याचा मासा होता. त्यात अधूनमधून एखादं पिल्लू तांबूस किंवा पिवळं निघायचं. उघड्या पाण्यात असा झळकणारा मासा बगळ्याच्या लगेच नजरेत येतो, म्हणून तो फार जगत नसे. पण बौद्ध मठांच्या तळ्यांत मासे सोडून देण्याचा पुण्याचा रिवाज होता. तिथे त्यांना कुणी मारत नसे. अशा राखलेल्या तळ्यांत रंगीत मासे टिकले आणि वाढले. सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे आपल्याकडे मानसोल्लास लिहिला गेला त्याच शतकात, राजवाड्यात खास त्यांच्यासाठी तळी बांधली गेली.

मग मिंग घराण्याच्या काळात, साधारण 16 व्या शतकापर्यंत, मासा तळ्यातून उचलून मोठ्या मातीच्या रांजणांत ठेवायची पद्धत पसरली. आपल्या दृष्टीने ही फार महत्त्वाची घटना आहे, कारण इथून माशाचं शरीर बदललं. रांजणात ना बगळा, ना प्रवाह, ना पळापळ. त्यामुळे दोन शेपट्यांचे, फुगीर पोटाचे, बटबटीत डोळ्यांचे मासेही जगू लागले. तळ्यात ते दोन दिवस टिकले नसते. रांजणात वरून बघायचं असतं, म्हणून वरून देखणा दिसेल असाच मासा लोकांनी निवडून वाढवला. आज बाजारात ऑरांडा, रायुकिन, ब्लॅक मूर अशा नावांनी जे गोलमटोल गोल्डफिश मिळतात ते या रांजणाच्या काळातल्या निवडीचे वंशज आहेत. लांब, सडपातळ, एका शेपटीचा साधा गोल्डफिश मात्र अजूनही तळ्याचाच स्वभाव घेऊन आहे. त्याला पोहायला लांबी लागते.

म्हणजे दुकानात दोन मासे एकाच नावाने मिळतात, पण दोघांचं घर वेगळं. ही पहिली गोष्ट गटाने लक्षात ठेवावी.

पुढे हा मासा जपानला गेला, 17 व्या शतकात युरोपात पोचला, आणि तिथे त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवायची फॅशन आली. सिनेमात, जाहिरातीत आपण तेच भांडं पाहतो. माशाच्या बाजूने बघितलं तर हे सगळ्यात वाईट घर आहे. भांडं वर निमुळतं, म्हणजे हवा लागणारं पाणी कमी. पाणी थोडं, म्हणजे घाण लवकर साचते. मासा खुरटतो आणि लवकर मरतो, आणि लोक म्हणतात, या माशाचं आयुष्यच कमी. खरं तर नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून जास्त जगतो आणि वीतभर लांब होतो. इटलीतल्या रोम शहराने 2005 मध्ये गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्यावर बंदीच घातली.

पाणी बसतं म्हणजे काय

काचेच्या पेटीत मासा जगवायची युक्ती 1850 च्या सुमारास लंडनमध्ये सापडली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने एका काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, लांब फितीसारख्या पानांची एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. वनस्पतीने प्राणवायू दिला, गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, आणि पाणी न नासता मासे जगले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघण्यासाठी मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. ज्या वर्षी आपले तलाव सरकारजमा झाले, त्याच वर्षी.

वॉरिंग्टनने लावलेला शोध अर्धा होता. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनिया होतो. हा अमोनिया माशाला विष आहे. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला त्या मानाने कमी त्रासाचं, आणि झाडाला तर खतच. गंमत अशी, की वॉरिंग्टनच्या मुलाने, त्याचंही नाव रॉबर्टच, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या याच क्रियेचा अभ्यास केला. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. बापाच्या काचेच्या भांड्यातलं आणि मुलाच्या शेतातलं काम एकाच जिवाणूंचं होतं.

आपल्या टाक्याला हे असं लागू होतं. नव्या टाक्यात हे जिवाणू नसतात. टाक्याच्या भिंतींवर, खड्यांवर, जाळीवर ते बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात चार-दोन मासेच ठेवायचे, खाणं अगदी थोडं द्यायचं आणि पाणी पुनःपुन्हा बदलायचं. पहिल्याच दिवशी शंभर पिल्लं सोडली तर आठवड्यात मरतुक होते, आणि मग आपण म्हणतो, दुकानदाराने फसवलं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असतं असं नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हापकू लागले की समजावं, हवा कमी पडते आहे नाही तर घाण साचली आहे.

कोई हा धानाच्या बांधीतला मासा

आता कोई. त्याची गोष्ट ऐकून आपल्या बायांना आपलंच गाव आठवेल. जपानमध्ये नीगाता नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची धानाची शेती आहे. हिवाळ्यात बर्फ इतकं पडतं की गावाचा बाहेरचा रस्ता बंद होतो. म्हणून शेतकरी बांधीला पाणी देणाऱ्या तळ्यांत खाण्यासाठी मासा पाळत. जपानी भाषेत कोई म्हणजे हाच साधा, काळपट, तळ उकरणारा मासा. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला यामाकोशी आणि ओजिया या भागात त्यात तांबडी, पांढरी पिल्लं दिसू लागली. शेतकऱ्यांनी ती खाल्ली नाहीत, बाजूला काढून वाढवली. रंगीत माशाला ते निशिकिगोई म्हणतात, म्हणजे जरीच्या वस्त्रासारखा कोई. 1914 मध्ये टोकियोच्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांचा मासा जगाला माहीत झाला. ऑक्टोबर 2004 मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला, तळी फुटली, यामाकोशी गाव रिकामं करावं लागलं. तेव्हा उरलेले मासे हेलिकॉप्टरने हलवले होते. गावाची पुढची रोजी त्या माशांवर होती.

नावाच्या घोटाळ्यात मात्र पडू नका. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वस्ती आहे. तिथल्या बाया कोई म्हणतात तो वेगळा मासा, खाण्याचा, चिखलातही जगणारा. जपानी कोईशी त्याचं नातं नाही. जपानी कोईचा सख्खा भाऊ म्हणजे आपल्या मत्स्यसोसायट्या तलावात सोडतात तो सायप्रिनस. तो भारतात 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणि पुन्हा 1957 मध्ये बँकॉकहून आणला गेला.

हा भाऊ आपण पाहिलेला आहे, त्यामुळे कोई केवढा होतो ते वेगळं सांगायला नको. सांभाळला तर दोन फूट लांब होतो आणि वीस-तीस वर्षं जगतो. त्याला काचेची पेटी म्हणजे बैलाला कोंबड्याच्या खुराड्यात बांधण्यासारखं आहे. पूर्ण वाढलेल्या एका कोईला साधारण हजार लिटर पाणी आणि चार फूट खोली धरावी. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल टाकं घेतलं तर 320 घनफूट झाले. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, म्हणजे नऊ हजार लिटर. एवढ्या पाण्यात सहा ते आठ मोठे कोई राहतील. आणि नऊ हजार लिटर पाण्याचं वजन नऊ टन. हे टाकं छपरावर किंवा भुसभुशीत जागी बसवण्याचा विचारही करू नये.

आपल्या अंगणात काय बसेल

आमच्या गटांतल्या बहुतेक घरांना मागे दहा-पंधरा फुटांची जागा आहे. त्यात चूल, सरपण, शेळी आणि परसबाग आधीच आहे. अशा जागेत आम्ही तीन टप्प्यांनी विचार करायला सांगतो.

पहिला टप्पा गप्पीचा. हा मासा आपल्याला नवा नाही. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो भारतात आणला गेला. गडचिरोलीत मलेरियाचं दुखणं आपण सगळ्यांनी सोसलं आहे, आणि आरोग्य खात्याचे लोक टाक्यांत गप्पी सोडतात हेही पाहिलं आहे. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे पिल्लंच घालतात, थोड्या पाण्यात राहतात, उन्हाळाही बऱ्यापैकी सोसतात. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी इथून सुरू करावं. आणि हेही ध्यानात ठेवा, की मासा नसलेलं उघडं टाकं म्हणजे डासांचं घर.

दुसरा टप्पा गोल्डफिशचा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच टाकं घ्या आणि दीड फूट पाणी भरा. 27 घनफूट, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. उथळ आणि पसरट टाकं खोल आणि अरुंद टाक्यापेक्षा बरं, कारण हवा पाण्यात वरच्या पृष्ठभागातून शिरते. गोल पोटाचे गोल्डफिश घरात शोभेला ठेवायचे असतील, तर तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच काचेच्या पेटीत दोन किंवा तीनच. एकशेवीस-पंचवीस लिटर पाण्याला एवढेच पुरे.

तिसरा टप्पा कोईचा. थोड्या जागेत कोई मोठा करायचा नाही. बोटभर पिल्लं आणून, दोन-तीन महिने वाढवून विकायची असतील तर साडेसातशे लिटरचं टाकं चालतं. पण विक्री अडली तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. शेळी विकली गेली नाही तर आणखी महिनाभर चारता येते. टाक्यातला कोई वाढत राहतो, टाकं वाढत नाही.

टाकं सिमेंटचं असेल तर नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. ते दोन-तीन आठवडे भरून, सोडून, पुन्हा भरून धुवावं, मगच मासा सोडावा. जाड ताडपत्रीचं टाकं स्वस्त पडतं आणि हलवता येतं, पण उंदीर आणि कुत्र्याची नखं यांपासून जपावं लागतं. फायबरचं टाकं महाग पण टिकाऊ. नळयोजनेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवून मग टाकावं. तांब्याच्या गुंडात साठवलेलं पाणी वापरू नये. तांबं माशाला बाधतं.

उन्हाळा आणि गुंड

आता खरा प्रश्न. चीन आणि जपानचे हे मासे थंड पाण्याचे. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पाणी जसं तापतं तसा त्यात मावणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांच्या पाण्यात सातच. आणि तापलेल्या पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून टाकं आंब्याच्या किंवा मांडवाच्या सावलीत हवं, वर हिरवी जाळी किंवा तणसाचं छप्पर हवं, अर्धं टाकं जमिनीत गाडलेलं असेल तर उत्तम. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. ज्या गावात वीज तासन् तास जाते, तिथे पंपाच्या भरवशावर मासे दाटू नयेत. पंप बंद असतानाही जगतील एवढेच मासे ठेवावेत.

आणि पाणी कोण आणणार? साडेसातशे लिटरच्या टाक्यातलं पाव पाणी दर आठवड्याला बदलायचं म्हणजे एकशेनव्वद लिटर. पंधरा लिटरचा एक गुंड धरला तर तेरा गुंड. चार टाकी असतील तर आठवड्याला पन्नास गुंड. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेल्यावर हे पन्नास गुंड कुणाच्या डोक्यावर येतील, ते कर्जाच्या अर्जात कुठेच लिहिलेलं नसतं. आम्ही गटाच्या बैठकीत आधी हाच हिशोब मांडायला लावतो. ज्या घरी बारमाही विहीर किंवा बोअर आहे, तिथेच टाकी घ्यावीत. पाणी दुरून आणावं लागत असेल तर सासूबाईंची, सुनेची, शाळेतल्या पोरीची मेहनत त्या धंद्यात फुकट मोजली जाते. तो धंदा फायद्याचा म्हणता येत नाही.

बदललेलं पाणी मात्र फेकू नका. त्यात नायट्रेट आहे. वांगी, मिरची, पालक यांना ते घाला. टाकं परसबागेच्या वरच्या अंगाला असेल तर पाइप लावून पाणी आपोआप उतरतं.

दुसऱ्यांनी केलेलं

अंगणातल्या टाक्यात हे काम होऊ शकतं, याचा दाखला आपल्यासारख्याच भागातला आहे. ओडिशातल्या देवगड जिल्ह्यात बारकोट भागात लांडीझरी आणि सरुआली ही गावं आहेत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तिथल्या बायांना शिकवलं आणि घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत त्या शोभेचे मासे वाढवू लागल्या. एका घरी दोन टाकी असली तरी गावात मिळून माल पुष्कळ होतो, म्हणून व्यापारी गावात येतो. एकटीने केलं तर आपल्याला पिशवी घेऊन नागपूरची गाडी धरावी लागते. म्हणून हे काम एकटीचं नाही, गावातल्या पाच-सात घरांनी मिळून करायचं आहे.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाच्या एका युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरला आहे. महिला, अनुसूचित जाती आणि जमाती यांना त्यात 60 टक्के अनुदान, म्हणजे 1 लाख 80 हजार. उरलेले 1 लाख 20 हजार आपले किंवा कर्जाचे. योजना सध्या कोणत्या टप्प्यात आहे, ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या लोकांचा सल्ला मिळतो. टाकं बांधायच्या आधी जा.

तलावात सोडायचा नाही

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मासा मोठा झाला, विकला गेला नाही, किंवा टाकं फुटलं, की बाई दयेने म्हणते, जाऊ दे, तलावात सोडून देऊ. पुण्यच लागेल. चीनमधल्या मठांच्या तळ्यात ते पुण्य होतं, कारण तो मासा तिथलाच होता. आपल्या मामा तलावात तो परका आहे. कोई तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पतींची मुळं उपटतो. त्या वनस्पतींत आपली बारीक मासोळी अंडी घालते. वनस्पती गेली की मासोळी गेली, आणि मासोळी गेली की टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या ढिवर बाईची रोजी गेली. गप्पीसुद्धा टाक्यातच ठेवावा, बोडीत नाही. टाक्याचा सांडवा कधीही नाल्याला जोडू नये, त्याला बारीक जाळी लावावी, आणि पुराच्या पाण्याच्या वाटेत टाकं बांधू नये.

गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने तिथे लहान जलाशयांच्या कारभारात गावाचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क गाजवायचा तर असेच ठराव करावे लागतात. ज्या गावात शोभेच्या माशाचं काम सुरू होईल, तिथे गटाने आधी ग्रामसभेत लिहून द्यावं, की आमचा एकही मासा तलावात जाणार नाही, न विकलेला मासा व्यापारी परत घेईल किंवा गट सांभाळेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वहीत पाच ओळी लिहा. आपल्याकडे मे महिन्यात रोज किती गुंड पाणी उरतं. सावलीची जागा किती फूट आहे. वीज किती तास जाते. मासा कोण घेणार आणि त्याने नाही घेतला तर काय. आणि तलाव कसा जपणार. पाचही ओळी भरल्या तर आम्हाला बोलवा, टाक्याची मापं काढायला आम्ही टेप घेऊन येऊ. एखादी ओळ कोरी राहिली, तर ती भरेपर्यंत कर्ज उचलू नका.